एक गाणं, तीस वेळा

गेले पंधरा-सोळा दिवस मी एकच गाणं ऐकते आहे. मोजलं नाही, पण तीसएक वेळा तरी झालं असेल. मला ओळखणाऱ्या मंडळींना वाटेल, हिराबाईंची एखादी जुनी तबकडी हाती लागली असेल, नाहीतर भीमसेनांची एखादी मैफल. तसं काही नाही. गाणं आहे ‘कुर्बानी’तलं, ‘आप जैसा कोई’. नाझिया हसनचं. होय, डिस्को!

(वन्सं, हे वाचून तुम्ही लगेच फोन उचलणार हे मला ठाऊक आहे. आधी शेवटपर्यंत वाचा, मग करा.)

कारण सांगते. माझी पुण्याची नात यंदा दहावीला आहे. सात वर्षं शास्त्रीय गाणं शिकते, गळा चांगला आहे. आजी म्हणून नव्हे, शाळेत चाळीस वर्षांची समूहगीतं बसवलेली बाई म्हणून सांगते. तर एका वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी नाव द्यायचं तिच्या मनात आहे आणि चाचणीला म्हणायला तिनं जे गाणं निवडलंय ते हे. घरात सरळ दोन तट पडलेत. मुलगा म्हणतो, दहावीच्या वर्षात हे थेर नकोत. सूनबाई म्हणते, दहावी दरवर्षी लाखो मुलं देतात, असा गळा किती जणांना असतो? दोघांनीही स्वतंत्रपणे मला फोन करून आपापली बाजू मांडली आणि शेवटी दोघंही म्हणाले, "आई, तूच सांग." निवृत्त शिक्षकाला पंच नेमायची आपल्याकडे जुनी खोड आहे.

मी नातीला एवढंच म्हटलं, "अगं, सात वर्षं शिकलीस ती काय ह्या धडधडीसाठी?"

त्यावर ती म्हणाली, "आजी, तू ते एकदा तरी नीट बसून ऐकलंयस का? पेपर न वाचता मार्क द्यायचे नाहीत, असं तूच म्हणतेस ना?"

घ्या! आमचंच शस्त्र आमच्यावर. आता ऐकणं आलं.

तसं पाहिलं तर १९८० साली हे गाणं मी शेकडो वेळा ऐकलेलं आहे. ऐकलं म्हणजे कानावर आदळलं. त्या जूनमध्ये ‘कुर्बानी’ लागला. जुलैच्या अखेरीला, ३१ तारखेला, रफीसाहेब गेले. पुढे सप्टेंबरात गणपती आले तेव्हा आमच्या गल्लीच्या मंडळाच्या कर्ण्यावर सकाळी आरत्या, दुपारी रफीची दुःखी गाणी आणि संध्याकाळी दिवे लागले की ‘कुर्बानी’, असा दहा दिवसांचा क्रम ठरून गेलेला होता. मी तेव्हा सहामाहीचे पेपर काढत होते. खिडकी लावली तरी तो ठोका भिंतीतून यायचा. शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचे नाहीत, फक्त धप् धप् धप् धप्. स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची. त्या ऐकण्यावरून मत बनवायचं तर ते गाण्याविषयीचं कमी आणि कर्ण्याविषयीचं जास्त होणार. म्हणून ह्या वेळी ठरवलं, उत्तरपत्रिकेवरचं नाव दुमडून पेपर तपासतात तसं ऐकायचं. नातीनं दिवाळीत दिलेले हेडफोन कपाटातून काढले.

माझा कान कुठला, तेही सांगायला हवं. मी मिरजेची. सतारमेकरांच्या गल्लीतून शाळेत जायचं, वाटेत कुणी तरी जवारी काढत बसलेला असायचा, त्या एकाच तारेचा आवाज कानात घेऊन वर्गात बसायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी दर्ग्यात गाणं होतं, तिथे वडील आम्हा भावंडांना न्यायचे. सतरंजीवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धं गाणं झोपेत आणि अर्धं जागेपणी ऐकलेलं आहे. अशा कानाला गाण्यात दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे सम. सगळे फिरून-फिरून जिथे येतात आणि श्रोत्यांची मान जिथे हलते ती जागा. दुसरी म्हणजे सुराला आलेली चमक, जवारी म्हणा. डिस्कोत पहिली नाही आणि ह्या मुलीच्या आवाजात दुसरी नाही. असा माझा आक्षेप. तो मनात ठेवूनच बसले.

पहिल्या पाच-सहा वेळा काहीच घडलं नाही. ठोका चालू होतो आणि चालू राहतो. मोठा ड्रम प्रत्येक मात्रेवर, सारख्या वजनानं. कहरव्यात कसं, एक मात्रा जड, एक हलकी, मध्ये कुठे खाली मोकळी. त्या जड-हलक्यातून डोलणं तयार होतं. इथे चारही मात्रा जड. चारही ठिकाणी सम म्हणा, किंवा कुठेच सम नाही म्हणा. मी वहीत लिहिलं: ‘तबलजीला झोप येईल.’

सातव्या की आठव्या वेळेला मला एकदम आमचा हलगीवाला आठवला.

आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला दोनशे मुलींचं लेझीम असायचं. हलगीवाला गावातून बोलवायचा. एका वर्षी नेहमीचा माणूस आजारी पडला आणि त्याच्या जागी एक तरुण पोरगा आला. हात असा सुंदर! मध्येच तुकडा, मध्येच बोल, मध्येच थांबून पुन्हा झेप. आम्ही शिक्षिका व्हरांड्यातून बघत होतो, खूष होतो. आणि मैदानावर चौथ्या रांगेपासून मागे सगळं विस्कटलं. कुणाची लेझीम वर, कुणाची खाली. तेव्हा आमच्या खेळाच्या बाई तरातरा गेल्या आणि त्याला म्हणाल्या, "दादा, तुम्ही आपलं एकसारखं वाजवा. शोभा मुली आणतील."

शोभा मुली आणतील! डिस्कोचा ठोका हा तसला ठोका आहे. तो बसून ऐकणाऱ्यासाठी नाहीच. शंभर अनोळखी माणसं एका खोलीत एकत्र नाचणार आहेत, त्यांतल्या कुणाला ताल कळतो, कुणाला कळत नाही. त्यांच्या पायांना मात्रा चुकायची संधीच द्यायची नाही, ह्यासाठी तो आहे. त्यात कला नाही असं म्हणणं म्हणजे हलगीत आलाप नाही म्हणून तक्रार करणं. मैफलीचा पेपर वेगळा, कवायतीचा वेगळा. (‘तबलजीला झोप येईल’ हे वाक्य मी खोडलं नाही. ते खरंच आहे. पण त्याचे मार्क कापले नाहीत, एवढंच.)

मग थोडं वाचलं. ह्या संगीताचा जन्म न्यूयॉर्कचा, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा. तिथले काळे लोक, स्पॅनिश बोलणारे लोक, समलिंगी लोक, ज्यांना इतर ठिकाणी मोकळेपणानं नाचायला जागा नव्हती अशांनी जमून रात्रभर तबकड्या लावून नाचायचं. एक तबकडी संपायच्या आत दुसरी तिच्यात मिसळायची, म्हणजे पाय थांबायला नकोत. ठोका सगळीकडे सारखा असेल तरच हे जमतं. म्हणजे ज्याला मी कंटाळवाणं म्हणत होते त्याचा असा उपयोग होता. पुढे १९७७ साली ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ नावाचा सिनेमा आला आणि हे लोण घरोघर गेलं. इतकं गेलं की लोक विटले. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क ह्या बेसबॉलच्या मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, प्रेक्षकांनी आणलेल्या डिस्कोच्या तबकड्या पेटीत भरून स्फोटानं उडवल्या. मग गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. तबकड्यांवर इतका राग? काही जाणकार म्हणतात, तो राग नुसता संगीतावरचा नव्हता, ते संगीत ज्यांचं होतं त्यांच्यावरचाही होता. मला हे पटतं. गाण्याचा राग आला तर माणूस रेडिओ बंद करतो, सुरुंग लावत नाही.

त्यानंतर अकरा महिन्यांनी आपल्याकडे ‘कुर्बानी’ आला. तिकडे तेरावं उरकत आलं होतं आणि इकडे बारसं!

आता हे बाळ आलं कसं, ही गोष्टही गमतीची आहे. ‘कुर्बानी’चं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. पण हे एक गाणं त्यांचं नाही. निर्माता-दिग्दर्शक फिरोझ खाननं ते करून घेतलं बिद्दूकडून. बिद्दू म्हणजे बिद्दू अप्पय्या, मूळचा बंगलोरचा, गिटार घेऊन इंग्लंडला गेलेला. तिथे त्यानं निर्मिती केलेलं कार्ल डग्लसचं ‘कुंग फू फायटिंग’ १९७४ साली इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. म्हणजे ह्या माणसानं डिस्कोची नक्कल केली नाही, तो त्या कारखान्यातलाच कारागीर होता. आणि गायिका कोण, तर लंडनमध्ये राहणारी कराचीची एक शाळकरी मुलगी. लहानपणी पाकिस्तानच्या टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमात गायलेली, एवढाच अनुभव. जन्म ३ एप्रिल १९६५ चा. हिशेब करा. ‘कुर्बानी’ लागला तेव्हा तिला पंधरा पूर्ण होऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

बंगलोरचा संगीतकार, कराचीची मुलगी, लंडनचा स्टुडिओ, इंदीवरचे शब्द, आणि गाणं वाजतंय मिरजेच्या गणपतीत. असो.

पंधरा म्हणजे दहावी. हे कळल्यावर माझं ऐकणंच बदललं. म्हणजे गाणं जास्त आवडायला लागलं असं नव्हे. पण चाळीस वर्षं मी त्याच वयाचे आवाज ऐकत होते. वर्गात उभं राहून धडा वाचणारे, कविता म्हणणारे, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणणारे. त्या वयात मुलींच्या आवाजाला एक पातळ, किंचित नाकातला, सरळ रेघेसारखा गुण असतो. अजून त्याला वळण लागलेलं नसतं. आपण कशा दिसतो ह्याची जाणीव आलेली असते, पण आपण कशा ऐकू येतो ह्याची आलेली नसते. नाझियाचा आवाज नेमका तसा आहे. हेडफोनमध्ये नीट ऐकलं तर एकच आवाज एकावर एक चढवलेला जाणवतो, दोन नाझिया एकाच वेळी गाताहेत असा. मुंबईत त्या काळी बहुतेक गाण्यांना गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी उभा राहून गायचा-वाजवायचा. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. परदेशात तोवर थर देऊन ध्वनिमुद्रण करायची रीत रुळली होती. आधी ठोका, त्यावर गिटार, त्यावर आवाज, त्यावर पुन्हा तोच आवाज. पातळ आवाजाला असं अस्तर लावलेलं आहे. शिंप्याचं काम म्हणून चोख आहे.

पण अस्तर लावलं तरी कापड तेच राहिलंय, आणि मला वाटतं ह्या गाण्याची खरी गोम इथे आहे. ह्या प्रकारचं गाणं आपल्याकडे आधी नव्हतं का? होतं की. क्लबात नटी नाचते आहे, कुणाला तरी भुलवते आहे, असली गाणी आशाबाईंनी डझनांनी गायली आहेत. त्यांत त्या काय काय करतात! श्वास सोडतात, शब्द अर्धा तोडतात, हसतात, सूर घसरवतात. आवाजानंच सगळा अभिनय करून ठेवतात. ती विद्या मोठी आहे आणि मी त्यांच्यापुढे नाझियाला उभी करत नाही. पण नाझिया ह्यातलं काहीच करत नाही. शब्द भुलवण्याचे आहेत, आणि ती ते असे म्हणते जसा एखादी मुलगी निरोप सांगते. लाडिकपणा नाही, नखरा नाही, एकही मुरकी नाही. सूर लावला, सोडला, पुढचा शब्द. उच्चारही घासून-पुसून घेतलेले नाहीत. एका ठिकाणी तर तिचा ‘त’ कानाला चक्क ‘प’ वाटतो आणि त्यावरून त्या काळी पोरं कसले विनोद करायची, ते आमच्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल! इथे लिहीत नाही.

ह्याला कच्चेपणा म्हणायचं का? माझ्या मिरजेच्या कानानं म्हटलं, होय. वहीत तसं लिहिलंही. पण मग एक प्रश्न पडला: पिकलेल्या गळ्यानं हे गाणं गायलं असतं तर चाललं असतं का? मनातल्या मनात गाऊन घेतलं त्यांच्याकडून. लताबाईंच्या आवाजात ते फार पवित्र झालं. आशाबाईंच्या आवाजात फार शहाणं झालं. तो सरळ ठोका आणि तो सरळ आवाज एकमेकांना धरून आहेत. खाली हलगी एकसारखी, वर आवाज एकसारखा, कुणीही कुणाला दाबत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येक मुलीला वाटतं, हे मलाही म्हणता येईल. आमच्या वर्गातल्या मुली तेव्हा मधल्या सुट्टीत ते गुणगुणायच्या, ते ह्याचसाठी असणार. लताबाईंचं गाणं गुणगुणताना मुली आवाज चोरतात. हे गाणं मोठ्यानं म्हणायच्या.

आता जे पटलं नाही तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई डिस्कोवाल्या झाल्या.

शब्द साधेच आहेत. साधं असणं हा दोष नाही, पण एक कल्पना मांडून तिथेच घुटमळतात. मराठीच्या बाईंना दुसऱ्या कडव्यात काही तरी पुढे सरकलेलं लागतं. इथे दुसरं कडवं आधी म्हटलं आणि पहिलं नंतर, तरी काही बिघडत नाही. मधल्या वाद्यांच्या जागा नाचणाऱ्यांसाठी आहेत, ऐकणाऱ्याला त्यात करायला काही नाही. मी त्या वेळात चहाचं आधण ठेवून यायची.

आणि दुसरी गोष्ट जरा गंभीर आहे. सिनेमात हे गाणं झीनत अमानवर आहे. तिशीकडे झुकलेली, आपल्या रूपाची पूर्ण जाण असलेली नटी, क्लबातला उजेड, खाली बसलेले पुरुष. आणि तिच्या तोंडी दहावीतल्या मुलीचा आवाज. चित्र न पाहता ऐकलं तर गाणं निरागस वाटतं, आणि चित्र पाहिलं की त्या निरागसपणाचाच कुणी तरी उपयोग करून घेतल्यासारखं वाटतं. पंधराव्या वर्षी ज्या शब्दांचा अर्थ पुरता ठाऊक नसतो ते शब्द मोठ्यांच्या कामासाठी म्हणायला लावायचे. हे मला बोचतं. तीस वेळा ऐकून बोचायचं थांबलं नाही. १९८०-८१ च्या आमच्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलींना ह्या गाण्यावर नाच करायचा होता आणि आम्ही सगळ्या शिक्षिकांनी मिळून ‘नाही’ म्हटलं होतं. आज विचारलं तरी मी नाहीच म्हणेन. गाणं वाईट म्हणून नव्हे. पालकांच्या पहिल्या रांगेसमोर त्या वयाच्या मुलींनी ते कुणासाठी म्हणायचं, हा प्रश्न आहे म्हणून.

ह्या गाण्याला १९८१ चं फिल्मफेअर मिळालं. पंधराव्या वर्षी! आपले लोक तेव्हा फार हळहळले होते, ‘काय दिवस आले’ वगैरे. एक लक्षात घ्यायला हवं की लताबाईंनी १९७० नंतर आणि आशाबाईंनी १९७९ नंतर ‘आता आमचं नाव नको, नव्यांना द्या’ असं सांगून टाकलेलं होतं. मैदान मोकळं होतं. पण मोकळ्या मैदानातही पळावं लागतंच. पुढच्याच वर्षी ते बक्षीस परवीन सुलतानांना मिळालं, ‘कुदरत’मधल्या गाण्यासाठी. म्हणजे एका वर्षी नाझिया, दुसऱ्या वर्षी परवीन सुलताना! परीक्षकांच्या कानांविषयी काय बोलायचं ते बोला, पण ते एकाच बाजूला झुकलेले होते असं नाही म्हणता येणार.

पुढे नाझियाचं काय झालं? १९८१ मध्ये भाऊ झोहेबबरोबर, बिद्दूच्याच संगीतात, ‘डिस्को दीवाने’ आलं आणि तेही तुफान चाललं. आणखी काही संग्रह आले. पण तिनं शिक्षण सोडलं नाही. कायदा शिकली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत नोकरी केली. गाणं मागे ठेवलं. आणि १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेली. पस्तीस वर्षांची.

हे वाचल्यावर मी दोन दिवस गाणं लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, "आई, काय ठरलं तुझं?" मी म्हटलं, थांब. कारण मला दोन गोष्टी वेगळ्या करून बघायच्या होत्या. एक, हे गाणं. दुसरी, ती स्पर्धा. घरात ह्या दोन्हींची खिचडी झाली होती. मुलगा स्पर्धेवर चिडून गाण्याला नावं ठेवत होता आणि सूनबाई गाण्यासाठी स्पर्धेला कवटाळत होती.

नाझियाला कुणी स्पर्धेत उभं केलं नव्हतं. एका जाणकार माणसानं तिचा आवाज ऐकला, हा जसा आहे तसाच ह्या गाण्याला हवा असं ठरवलं, एक गाणं गाऊन घेतलं. त्याच्या भल्याबुऱ्या बाजू वर सांगितल्याच. पण तिला कुणी दर आठवड्याला लावणी, कव्वाली, भावगीत, गझल असं सगळं गायला लावून, ‘आज तुझ्यात आशाताई दिसल्या’ असं म्हणून, मग मतं कमी पडली म्हणून कॅमेऱ्यासमोर रडू दिलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलीनं जाहीरपणे गावं का, ह्याला माझं उत्तर ‘हो’ आहे. जाहीरपणे बाद व्हावं का, ह्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. शाळेत आम्ही नापास झालेल्या मुलीचा निकाल तिच्या हातात, घडी घालून द्यायचो.

हे मी दोघांनाही एकाच वेळी, फोन स्पीकरवर ठेवायला लावून सांगितलं. मुलगा म्हणाला, "म्हणजे नाही ना?" सूनबाई म्हणाली, "म्हणजे हो ना?" मी म्हटलं, म्हणजे मार्चातली परीक्षा होऊ दे, चाचणीचे नियम मागवून घ्या, कागदावर काय काय सही करून द्यावं लागतं ते मला वाचून दाखवा. स्पर्धा काय, पुढच्या वर्षीही येते. तेवढ्यापुरते दोघंही गप्प झाले. समेट म्हणता येणार नाही.

नातीला मात्र मी वेगळं काम दिलं. "गाणं ऐकलं मी," म्हटलं, "पूर्ण ऐकलं. आता तू म्हणून दाखव." तिनं व्हिडिओवर म्हणून दाखवलं. काय सांगू! सुरात पक्की, श्वास जागच्या जागी, आणि दर ओळीच्या शेवटी एक नाजूक मुरकी, मध्ये एक छोटीशी मींड, एका शब्दावर तर चक्क खटका. सात वर्षांची मेहनत सगळी त्या गरीब गाण्याच्या अंगावर दागिन्यांसारखी चढवलेली. सूनबाई मागून अभिमानानं बघत होती.

मी म्हटलं, "छान. आता हे सगळं काढून म्हण."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसतं म्हण. निरोप सांगितल्यासारखं."

तिला वाटलं, सोपं आहे. म्हणायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला मुरकी आली. थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा आली. तिसऱ्यांदा ती इतकी सांभाळून गायली की सूरच लटपटला. मग हसायला लागली. "आजी, हे होत नाहीये गं! गळा आपोआप वळतो."

वळणारच. वळवायला सात वर्षं लागली, सरळ करायला सात दिवस तरी लागतील ना? मी तिला म्हटलं, रोज अभ्यासातून उठलीस की एकदा म्हण, फक्त एकदा, आणि मला ध्वनिमुद्रण पाठव. तिच्या गुरुजींनाही विचारून घेतलं. ते हसून म्हणाले, करू दे, सरळ सूर लावायला आम्हीही हेच करायला सांगतो, फक्त आम्ही त्याला षड्जसाधना म्हणतो.

आजवर अकरा ध्वनिमुद्रणं आली. पहिली चार मी ऐकून सोडून दिली. पाचव्यात ठोक्याबरोबर चालायला लागली, त्याच्या अंगावर धावून जायची थांबली. सातव्या दिवशी गणिताची सराव परीक्षा होती. त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं आलंय, बहुतेक दमून सजवायचं विसरली असेल. कालचं अकरावं मी वन्सं आणि नागपूरच्या दादाला पाठवलं आहे. अजून एका जागी मुरकी येतेच. कुठे ते मी सांगत नाही. ऐका आणि कळवा.